आत्याच्या घरची आठची मालिका

"नाही म्हणजे नाही, ताई. या वेळचं माझं 'नाही' मी कपाटात घालून कुलूप लावलंय. किल्ली कुठे ठेवली ते मलाही आठवायचं नाही."

"आत्या, अहो फक्त परीक्षेपर्यंत..."

"मागच्या वेळी 'फक्त सुट्टी लागेपर्यंत' होतं. त्याच्या आधी 'फक्त कोर्टाची तारीख मिळेपर्यंत'. तुमच्या ऑफिसात हे 'फक्त' घाऊक भावात मिळतं का गं?"

"मग ठेवू कुठे मी तिला? सांगा ना तुम्हीच. माझ्या टेबलाच्या खणात?"

"हळू बोल."

"टीव्ही केवढा मोठा लागलाय आत! तिला काय ऐकू जातंय?"

"तिला सगळं ऐकू जातं. ती बोलत नाही, एवढंच."

आत्याने फळीवरचा मिठाचा डबा काढायला उजवा हात वर केला. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला, जिन्याच्या वळणावर अडकलेल्या कपाटासारखा. ना पुढे, ना मागे. ताई चटकन उठली आणि तिने डबा काढून ओट्यावर ठेवला.

"बघितलंस? मीठ घ्यायला मला आता सरकारी मदत लागते," आत्या म्हणाली. "आणि तू मला पोर सांभाळ म्हणतेस."

ताई हसली नाही. सकाळपासून तीन घरं फिरून आली होती, हसायला लागणारं बळ तिच्याकडेही उरलं नसावं. तिने समोरचा गार झालेला चहा औषध घ्यावं तसा घेतला आणि म्हणाली, "बरं. बघते दुसरं कुणीतरी."

ही ताई म्हणजे आत्याची कुणी नात्यातली नव्हे. ती मुलांच्या ऑफिसातली. एखाद्या घरातला संसार काही काळ कोलमडतो. आई दवाखान्यात असते, बाप बेपत्ता असतो, नाहीतर दोघंही जागच्या जागी असतात पण ते घर पोराने राहण्यासारखं नसतं. अशा घरातली मुलं हे ऑफिस उचलून आणतं आणि पुढचं काही ठरेपर्यंत आत्यासारख्यांकडे ठेवतं. कुणी चार दिवस राहतं, कुणी वर्ष काढतं. आत्या हे काम किती वर्षं करत होती ते तिला विचारलं तर ती वर्षं सांगत नसे, पडदे सांगत असे. "मुलांनी नाक पुसून पुसून चार पडद्यांचे जोड घालवले," म्हणायची.

आत्या हे नावही तिनेच निवडलेलं. पहिलं पोर दारात आलं तेव्हाची ताई, म्हणजे आत्ताच्या हिच्या आधीच्या आधीची, म्हणाली होती, "आई म्हणू दे की तुम्हाला."

"नको. ज्याला आई आहे त्याला दुसरी कशाला? मावशी म्हटलं तरी निम्मी आई आलीच. आत्या बरी. आत्या असते जवळची, पण तिच्यावर कुणी फार विसंबून राहत नाही."

त्यामुळे नवऱ्याचा आपसूक आतोबा झाला. आतोबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. आयुष्यभर लोकांना वरखाली केलं आणि निवृत्त झाल्यावर जे खुर्चीत बसले ते स्वतः काही वरखाली व्हायला तयार नव्हते. आत्या घरीच शिवणकाम करायची. नवे कपडे नाहीत, जुन्यांची दुरुस्ती. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, कुणाचा गणवेश उसवून ढिला करायचा. तिच्या मशीनच्या टेबलाखाली एक मुलगा तीन आठवडे झोपला होता. पलंगावर निजायलाच तयार होईना. शेवटी आत्याने टेबलाखाली गादी घातली आणि वर मशीन चालवत राहिली. "आगगाडीत झोपल्यासारखं वाटतं म्हणाला," एवढंच ती त्याच्याबद्दल सांगायची. पुढे तो कुठे गेला, काय झालं, हे विचारलं तर म्हणायची, "कळवत नाहीत गं. आपण विचारायचं नसतं."

आणि रोज आठ वाजता मालिका.

आत्याला मालिका आवडायची. ती हे लपवत नसे, आणि "मुलांसाठी लावते हो" असला साळसूदपणाही करत नसे. दिवसभर ती कुणाच्यातरी जेवणामागे, कुणाच्यातरी शाळेमागे, कुणाच्यातरी कोर्टामागे असायची. आठ वाजता ती पाय वर घेऊन बसायची, आणि तेवढा वेळ दुसऱ्याचं घर जळलं तरी विझवायला तिला उठावं लागत नसे. मालिकेतलं घर तर रोजच जळत होतं. त्या घरात एक माई होती, सोशिक, ओठ मिटून सगळं गिळणारी. माईची एक खाष्ट सासू होती, जी मरायला टेकून दोन वर्षं झाली होती आणि प्रत्येक सणसणीत भांडणाच्या वेळी टुणकन उठून बसायची. माईची एक मुलगी होती, रडायला लागली की बघणाऱ्यांनी भाजी फोडणीला टाकून यावं एवढा वेळ रडणारी. शिवाय एक वकील दीर होता, ज्याने आजवर एकही खटला चालवला नव्हता.

"मूर्ख आहेत सगळे," आतोबा पेपरामागून म्हणायचे. "कोण बघतं हे?" आणि आत्या मधेच उठून गेली तर परत आल्यावर तिला काय काय झालं ते खडान्‌खडा सांगायचे.

मालिका चालू असताना बोलायचं नाही, असा घरचा नियम होता. बोलायचं ते जाहिरातीत. हा नियम मालिकेच्या प्रेमापोटी झाला खरा, पण त्यातून आत्याला एक गोष्ट सापडली. मुलाला समोर बसवून "बाळा, काय झालं होतं घरी?" असं विचारलं की मूल शिंपल्यासारखं मिटतं. पण जाहिरात लागल्यावर, टीव्हीकडेच बघत, "तुझा तो काका रोज यायचा का रे?" असं विचारलं की उत्तर येतं. कारण मुलाला ठाऊक असतं, हे बोलणं जाहिरातीपुरतंच आहे. आता मालिका लागेल आणि आपली सुटका होईल. कितीतरी मुलांनी आपल्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट आत्याला साबण आणि टूथपेस्टच्या गाण्यांच्या आडून सांगितली होती. आत्या "हं" म्हणायची, आणि मालिका लागली की खरंच मालिकेकडे बघायची. मुलाकडे नाही.

सध्याच्या मुलीवर मात्र ही मात्रा चालली नव्हती. वय नऊ, काडीसारखी अंगकाठी. सोफ्याच्या कडेला ताठ बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर. माई रडो, सासू उठो, चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. आतोबांनी दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, जजसाहेब.

"निकाल काय, जजसाहेब?" मालिका संपली की ते विचारायचे.

मुलगी गंभीरपणे विचार करून म्हणायची, "उद्या बघू."

एवढंच तिचं बोलणं. तिची आई अशा आजाराने दवाखान्यात होती ज्यातून लवकर बाहेर येण्याची आशा नव्हती. आधी तिला एका मावशीने ठेवून घेतलं, मग शेजारणीने, मग ऑफिसनेच शोधलेल्या एका घराने. आत्या चौथी. जाहिरातीत आत्याने काही विचारलं की जजसाहेब "माहीत नाही" म्हणायची आणि जाहिरात बघायची. पण रात्री निजताना बोळातला दिवा चालू आहे ना हे दोनदा उठून बघायची, आणि सकाळी केस विंचरताना तिचं डोकं हळूहळू मागे येत येत आत्याच्या पोटाला टेकायचं. टेकल्याचं लक्षात आलं की झटकन पुढे घ्यायची.

त्या वेणीनेच आत्याचा खांदा बोलायला लागायचा. आधी दुखायचा, मग ओरडायचा. डॉक्टर म्हणाले, हा हात आता विश्रांती मागतोय. आत्या म्हणाली, मीसुद्धा.

*

ताईला घर सापडलं. नवरा-बायको, स्वतःचं मूल नाही, मुलं ठेवून घेण्याचं ऑफिसचं प्रशिक्षण नुकतंच पुरं केलेलं. बाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिचा आवाज तिथेच घडलेला, मऊ, समोरच्याला काही कळायच्या आत "झालं हं, झालंच" म्हणणारा. आतोबांनी अर्थातच तिचं नाव दातवाली ठेवलं.

"शनिवारी न्यायचं," ताईने आत्याला स्वयंपाकघरात सांगितलं. "तोवर ती दोन-तीनदा पाहुणी म्हणून येईल. मुलीला काही सांगू नका. आधी सांगितलं की मुलं बिथरतात, जेवत नाहीत, पळून जातात. आपण मऊ बदली करणार आहोत."

"मऊ काय?"

"मऊ बदली. म्हणजे मुलाला फरक जाणवू द्यायचा नाही. तोच साबण, तशीच चादर, तीच झोपायची वेळ. तुमच्या घरात जे जे आहे ते सगळं तिच्या घरात तसंच. घर बदललं तरी दिवस बदलत नाही. कळलं?"

"आणि माणूस?"

"त्याची सवय होते, आत्या. तुमचीही झालीच ना तिला?"

आत्याला यावर काहीतरी म्हणायचं होतं, पण ते शोधायला जावं लागलं असतं आणि तिला कंटाळा आला होता. ती "बरं" म्हणाली. गेल्या काही महिन्यांत ती बऱ्याच गोष्टींना बरं म्हणू लागली होती.

दातवाली आली. मनापासून शिकली, यात शंका नाही. कोणता साबण, ते विचारून घेतलं. टॉवेलची घडी कशी, दूध किती कोमट, बोळातला दिवा कुठल्या बाजूला, सगळं विचारलं. मालिकेत मात्र ती गटांगळ्या खायला लागली.

"ही कुणाची कोण?"

"थांबा," आतोबा म्हणाले. पेपर बाजूला ठेवून त्यांनी आत्याचा बटणांचा डबा उघडला आणि टीपॉयवर मालिकेतलं अख्खं घराणं मांडलं. "हे मोठं काळं म्हणजे सासू. हे पांढरं, दोन भोकांचं, माई. हे पितळेचं वकील दीर, दिसायला भारी, कामाला शून्य. हे तुटकं म्हणजे धाकटा."

"आणि हे लाल?"

"ते कोटाचं आहे, चुकून आलंय."

दातवाली हसली. जजसाहेबाच्याही ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा आत्याला वाटला. तिला वाटलं, चला, जमेल. ताई म्हणते तसं होईल. पोरगी हसत हसत जाईल आणि मी सोमवारी उशिरापर्यंत झोपेन.

*

गुरुवारी दातवाली दुसऱ्यांदा आली. आठ वाजले. आतोबा पेपरामागे, आत्या पाय वर घेऊन, मधे दातवाली आणि कडेला जजसाहेब, अशी बैठक जमली.

मालिका सुरू झाली. पडद्याच्या खालून एक बारीक अक्षरांची पट्टी सर्रकन पळाली, आणि दार उघडून दुधाचा पेला घेतलेली एक बाई आत आली. रंग माईचा, कपडे माईचे, अंबाडाही माईचाच. चेहरा मात्र भलत्याच कुणाचा.

"माई, तू का उठलीस? बस ना," मालिकेतली मुलगी म्हणाली आणि तिने त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"ही कोण?"

सगळ्यांना क्षणभर कळेना, कोण बोललं. चालू मालिकेत या घरात कुणी बोलत नसे. आणि जजसाहेब तर जाहिरातीतही बोलत नसे.

"नवी माई," आतोबा म्हणाले. "जुनी सिनेमात गेली म्हणे. पेपरात आलंय."

"पण ही माई नाहीये."

"माईच आहे गं. फक्त काम करणारी बाई बदलली."

"मग तिला कळत नाही का?" मुलीने पडद्यावरच्या मुलीकडे बोट केलं. "ती मांडीवर झोपलीये. तिला दिसत नाही का, ही दुसरी आहे? सासूलापण दिसत नाही? कुणीच कसं काही म्हणत नाही?"

"तसं दाखवायचं असतं, बाळा..."

"जुनी कुठे गेली ते कुणी विचारलंपण नाही!"

दातवाली पुढे सरकली. तिचा हेतू चांगला होता, आणि आवाज तोच, दवाखान्यातला. "अगं, चार दिवसांत सवय होते बघ. थोड्या दिवसांनी जुनी कशी होती तेही आठवत नाही आपल्याला." आणि तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

मुलगी वळली. दातवालीकडे तिने पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तो फिरणारा हात मनगटाला धरून नाकाशी नेला.

"तुमच्या हाताला आत्याच्या साबणाचा वास का येतो?"

दातवाली हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही. तिने आत्याकडे पाहिलं. मुलीने तिचं ते पाहणं पाहिलं.

"तुम्ही नवीन आत्या आहात का?"

बरोबर त्याच वेळी जाहिरात लागली. टीव्हीवर एक गुटगुटीत कुटुंब फरशी पुसण्याच्या औषधाभोवती नाचू लागलं. आतोबांचा पेपर खाली आला होता आणि तो परत वर घ्यावा की नाही ते त्यांना कळत नव्हतं. आत्याच्या डोक्यात ताईचं वाक्य आलं, मुलीला काही सांगू नका. ते आलं आणि तसंच निघून गेलं.

"हो," ती म्हणाली. टीव्हीकडे न बघता, मुलीकडे बघत. "शनिवारी तू यांच्याकडे राहायला जाणार आहेस."

"आणि तुम्ही कुठे जाणार?"

"मी कुठे जाणार? मी इथेच."

"मग नवीन कशाला?"

आता खरं सांगायचं म्हणजे किती सांगायचं? आत्याने कितीतरी मुलांना निरोप दिले होते. घर तयार झालं म्हणून, आई बरी झाली म्हणून, कोर्टाने सांगितलं म्हणून. प्रत्येक वेळी कारण दुसऱ्या कुणाचंतरी असायचं. या वेळचं कारण तिचं स्वतःचं होतं आणि ते उच्चारायला तोंड उघडत नव्हतं.

"मी दमलेय," ती म्हणाली.

"किती?"

"खूप."

"झोपलात तर?"

"झोपून जाणारं नाही गं हे."

मुलीने मान हलवली. एखादं गणित पाटीवर मांडून बघावं तशी ती विचार करत होती. "मी मिठाचा डबा काढून देईन," ती म्हणाली. "स्टुलावर चढून. आणि वेणी मी माझी घालीन. येते मला. तुम्ही घालायचात म्हणून सांगितलं नव्हतं."

दातवालीने तोंडावर हात धरला. आतोबा उठले. खुर्चीतून, आपण होऊन, आठ वाजता! स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले.

"तुझ्यामुळे नाही," आत्या म्हणाली. "तू तर एवढीशी आहेस. तुझा काय त्रास?"

"सगळ्या असंच म्हणतात," जजसाहेब म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुकानदार एखादं नाणं उलटंपालटं करून चालत नाही म्हणून परत देतो, तशी तिने ते वाक्य परत दिलं.

जाहिरात संपली, मालिका लागली, नवी माई खिडकीशी उभी राहून ओठ मिटून सगळं गिळू लागली. तिकडे कुणी बघत नव्हतं. मालिका संपल्यावर आतोबांनी निकाल विचारला नाही.

*

शनिवारी मुलगी सगळ्यांच्या आधी उठली. स्वतःची पिशवी स्वतः भरून दाराशी ठेवली. वेण्याही घातल्या होत्या. एक वर, एक खाली, पण दोन्ही घट्ट.

ताई आली ती सरळ शिवणाच्या खोलीत. मागून दातवाली, दारातच थांबलेली.

"मी सांगू नका म्हटलं होतं, आत्या."

"मी सांगितलं नाही. तिने विचारलं."

"तेच ते!"

"नाही, तेच ते नाही. विचारल्यावर 'छे गं' म्हणायचं, ते मला जमलं नाही. तू म्हणून दाखव, मी शिकते."

ताईने डोळे चोळले. तिच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. "बरं, झालं ते झालं. आता एक तरी पाळा. पुढचे काही महिने भेटायचं नाही, फोन नाही. मूल नव्या घरात रुजायला हवं. जुनं माणूस मधेमधे दिसत राहिलं की..."

"जुनं माणूस?" आत्याने हातातली कात्री खाली ठेवली. "ताई, त्या मालिकेतली माई एका रात्रीत नाहीशी झाली आणि घरात कुणी 'अगंबाई' सुद्धा म्हटलं नाही. पोर दोन दिवस तेच तेच विचारतेय. तिच्या आधीच्या तिन्ही बाया अशाच पुसून टाकल्यात तुम्ही. मला नका पुसू. मी काही सिनेमात जात नाहीये. इथेच राहते, दुसरा मजला, फक्त हात वर होत नाही."

"पण हे काम थांबवायचं तुम्हालाच होतं ना? का आता नाही थांबायचं? एकदा ठरवा, मी फिरवते गाडी मागे."

हा प्रश्न आत्याने दोन रात्री स्वतःलाच विचारला होता. तिला स्टुलावर चढणारी मुलगी दिसली होती, आणि त्यामागोमाग उद्याची सकाळ, परवाची सकाळ, शाळा, दवाखाना, ताप, पुढची तारीख, आणि खांदा. मन म्हणायचं ठेव. अंग म्हणायचं, कुठे?

"थांबायचंय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? सांभाळायचं थांबवायचंय. ओळखायचं थांबवायचं नाहीये. तिला रविवारी माझ्याकडे येऊ दे."

"दर रविवारी? अहो, असं कुणाला देत नाही आम्ही."

"मग द्यायला लागा."

"महिन्यातून एकदा. तेही वरून विचारून."

"अगं, ती काय कैदी आहे का?"

"मला चालेल," दारातून दातवाली म्हणाली. दोघींनी वळून पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे रविवारचं. खरं तर बरंच होईल. त्या काळ्या बटणाची बाई कुणाची सासू ते मला अजून कळत नाही. मी... मी तुमच्यासारखं होऊन नाही दाखवू शकत हो."

"दाखवू नका," आत्या म्हणाली. "पहिलं म्हणजे तो साबण बदला. तुमचा नेहमीचा कुठला असेल तो लावा."

"मला याचा वास आवडतही नाही," दातवालीने कबूल केलं, आणि मग स्वतःच दचकली.

आत्याला हसू आलं. ताई मात्र नाही हसली. तिने खांद्याची पिशवी सावरली, घड्याळ बघितलं, आणि म्हणाली, "रविवारचं मी बघते."

"तुझं 'बघते' मला माहितीये. ते तुझ्या 'फक्त'चं भावंड आहे."

"आत्या, मी खरंच बघते. याहून जास्त माझ्या हातात नाही." ते मात्र ती अशी म्हणाली की आत्याला पुढे भांडता आलं नाही. दोघीही दमलेल्या असल्या की भांडण उभं राहत नाही, भिंतीला टेकतं.

बाहेरच्या खोलीत आतोबा मुलीशेजारी उभे होते. लिफ्टच्या दारापाशी लोक एकमेकांकडे न बघता उभे राहतात तसे दोघं दाराकडे तोंड करून उभे होते. दातवालीने पिशवी घ्यायला हात पुढे केला. मुलीने पिशवी मागे घेतली. दातवालीने हात परत घेतला आणि ती आधी खाली उतरली. ताई तिच्यामागे.

आत्या वाकली. वाकताना खांद्यातून कळ मानेत गेली, ती तिने चेहऱ्यावर येऊ दिली, लपवली नाही.

"हे बघ, यांना आत्या म्हणायचं नाही. आत्या मी. यांच्यासाठी दुसरं काहीतरी शोध, तुला आवडेल ते. सावकाश शोध."

मुलगी जमिनीकडे बघत होती.

"आणि रविवारी मी घरी असेन. ताई हो म्हणो, न म्हणो, मी तिच्या मागे लागणार. खूप मागे लागणार. पण तू यावंसच असं नाही. रागावली असशील तर रागाव, मला चालेल. मला फक्त कळू दे. यावंसं वाटेल का तुला?"

जिन्यातून ताईची हाक आली. आत्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

मुलीने चपलांचे पट्टे ओढून घट्ट केले. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, दोघांच्या मधून वाट काढली, आणि जिना उतरू लागली.